बेळगावातनं बी.ए. हिस्ट्री केलं, कसं झालं ते सगळं

सहाव्या सेमचं मार्क्स कार्ड हातात आलं, डिग्री सर्टिफिकेटचे पैसे भरून झाले, म्हणून आता निवांत लिहायला बसलेय. आमच्या भागात मराठी शाळेत शिकलेल्या पोरांना पीयूसीनंतर, म्हणजे बारावीनंतर, काय करायचं ते सांगणारे भरपूर असतात, पण सायन्सचं, कॉमर्सचं, आयटीआयचं. हिस्ट्री घेते म्हटलं की सगळे एकदम गप्प होतात, नाहीतर हसतात. आमच्या एका पाव्हण्यांनी तर विचारलं, हिस्ट्री घेऊन गाईड होणार काय गे, हंपीला. तर ज्यांना खरंच घ्यायचंय त्यांच्यासाठी फी, फॉर्म, भाषा, स्कॉलरशिप, सगळं जसं झालं तसं सांगते.

मी खानापूर तालुक्यातली, नंदगडच्या पुढच्या एका गावातली. दहावीपर्यंत मराठी मिडियम, पुढं पीयूसी आर्ट्स खानापुरात, हेप्स कॉम्बिनेशन म्हणजे हिस्ट्री, इकॉनॉमिक्स, पॉलिटिकल सायन्स, सोशॉलॉजी. आमची बॅच कोरोनातली. 2021 ला सेकंड पीयूची परीक्षाच रद्द झाली आणि 20 जुलैला रिझल्ट लागला, दहावीचे आणि फर्स्ट पीयूचे मार्क धरून. सगळे पास! ऐकायला बरं वाटतं, पण सगळे पास म्हटल्यावर सगळेच ॲडमिशनला. बेळगावात कॉलेजांच्या दारात ही गर्दी, तोंडाला मास्क, हातात फाईल, आणि कोणालाच काही माहीत नाही, कारण त्याच वर्षी कर्नाटकात नवीन शैक्षणिक धोरण लागू झालं आणि आम्ही त्याचे पहिले. तीन वर्षांची डिग्री की चार वर्षांची हे काउंटरवरच्या क्लार्कला विचारलं तर ते म्हणाले, आधी फॉर्म भर, चारचं चारला बघू.

फॉर्म ऑनलाईन, यूयूसीएमएस म्हणजे सरकारच्या कॉलेज ॲडमिशनच्या पोर्टलवर. आधार, दहावीचं आणि पीयूसीचं मार्क्स कार्ड, जात-उत्पन्नाचा दाखला, फोटो. इथं एक गोष्ट आधीच बघून ठेवा, आधारवरचं नाव आणि दहावीच्या मार्क्स कार्डावरचं नाव अक्षर न् अक्षर एक आहे का. आमच्याकडं मराठी नाव कन्नडमध्ये लिहिलं जातं, तिथनं ते इंग्रजीत येतं, आणि मधल्या मधे एखादा ‘ए’ वाढतो नाहीतर आडनाव पुढं जातं आणि बापाचं नाव मागं. आमच्या वर्गातल्या निम्म्या मराठी पोरांना हा त्रास झाला. ॲडमिशनच्या आठवड्यात आधार दुरुस्त करायला गेलात तर रांगेतच दिवस जातो, एप्रिल-मे मध्येच करून घ्या.

दाखल्यासाठी नाडकचेरी, म्हणजे महसूल खात्याचं ऑफिस. मराठा असाल तर कर्नाटकात प्रवर्ग 3ब लागतो, दाखल्यावर एक आरडी नंबर असतो, तो नंबर पुढं तीन वर्षं तुम्हाला सगळीकडं लागणार, मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवा. पहिल्या वर्षी ॲडमिशन फी, परीक्षा फी, आयकार्ड असं सगळं धरून सहा हजारांच्या आसपास गेलं. आबांनी, म्हणजे वडिलांनी, काजूचे पैसे ठेवले होते त्यातनं दिले आणि काही बोलले नाहीत, जे बोलायचं ते नंतर बोलले.

विषय दोन मेजर, मी हिस्ट्री आणि पॉलिटिकल सायन्स घेतलं. शिवाय दोन भाषा. भाषेचं त्या वर्षी मोठं रामायण झालं. ऑगस्टमध्ये सरकारनं डिग्रीला कन्नड सक्तीचं केलं, त्यावर केस हायकोर्टात गेली, आणि कोर्टानं ज्यांना नको त्यांच्यावर सक्ती करू नका असं सांगितलं. आमच्यातल्या बऱ्याच जणांनी कन्नड सोडलं. मी ठेवलं. सक्ती मला पण पटली नव्हती, पण शाळेत कन्नड होतंच की, वाचता येतं, बसमध्ये बोलता येतं, आणि हिस्ट्री करणार म्हणजे कर्नाटकाचा इतिहास येणार हे दिसत होतं. दुसरी भाषा मराठी. याचा फायदा कुठं झाला ते पुढं सांगते.

क्लासेस सुरू व्हायला दिवाळी आली. पहिल्या सेमला कर्नाटकाचा राजकीय इतिहास आणि भारताचा सांस्कृतिक वारसा. इतिहास नवा नव्हता. बाहेरच्या लोकांना वाटतं सीमाभागातल्या मराठी शाळेत महाराष्ट्राची पुस्तकं असतात, तसं नाही, कर्नाटकाचीच पुस्तकं मराठीत असतात. त्यामुळं मयूरवर्मा, पुलकेशी, अमोघवर्ष ही जुनी राजेमंडळी पाचवी-सहावीपासून ओळखीची. शिवाजी महाराज मात्र आम्हाला पुस्तकापेक्षा दिवाळीच्या किल्ल्यातनं आणि बेळगावच्या शिवजयंतीच्या चित्ररथांतनं जास्त कळले. तर विषयाची भीती नव्हती. भीती होती ती वर्गातल्या भाषेची. सर बैलहोंगल भागातले, शिकवायचे सुंदर, पण कन्नडमध्ये, आणि जोरात आले की एकदम पुस्तकी कन्नड. अधेमधे इंग्रजी. बसमधलं कन्नड आणि हे कन्नड यांचा काही संबंध नाही! पहिले काही दिवस आम्ही मराठी पोरं मागच्या दोन बेंचवर बसून एकमेकांकडं बघत होतो.

प्रश्नपत्रिका कन्नड आणि इंग्रजी दोन्हीत छापलेली यायची. मी इंग्रजीत लिहायचं ठरवलं, कारण कन्नड वाचायला येत असलं तरी तीन-तीन पानी उत्तर लिहिण्याइतकं हातात नव्हतं. इंग्रजी तरी कुठं होतं म्हणा, पण इंग्रजीत पुस्तकं मिळतात, झेरॉक्स मिळते. मी काय केलं, दोनशे पानी वहीचं पान उभं दोनदा दुमडायचं, म्हणजे तीन पट्ट्या. वर्गात डाव्या पट्टीत सर बोलतील ते जसंच्या तसं कन्नड, देवनागरीत लिहायचं, कळो न कळो. संध्याकाळी बसमध्ये मधल्या पट्टीत त्याचं मराठी. रात्री उजव्या पट्टीत इंग्रजीची साधी साधी वाक्यं, परीक्षेत लिहिता येतील अशी. लहान वाक्य, एक राजा, एक साल, एक लढाई. सुरुवातीला एका लेक्चरला दोन तास जायचे. आबा रात्री पाणी प्यायला उठले की म्हणायचे, "काय करूलीस गे एवढं रातचं? ते राजे कवाच मेलेत, त्यांला काय घाई हाय?" दुसऱ्या सेमपर्यंत मधली पट्टी रिकामी राहायला लागली, म्हणजे कन्नडवरनं डायरेक्ट इंग्रजीत जायला लागलं, तेव्हा मला कळलं की आता जमतंय. पण त्या मराठी पट्ट्या मी फेकल्या नाहीत, परीक्षेच्या आदल्या रात्री मी तेवढ्याच वाचायचे. विषय डोक्यात मराठीत बसतो, पेपरावर इंग्रजीत उतरतो.

त्याच डिसेंबरात, म्हणजे 2021 च्या, बेळगावात पुतळ्यांवरनं पेटलं. बेंगळुरात शिवाजी महाराजांच्या पुतळ्यावर शाई टाकल्याची बातमी आली, मग इकडं इंग्रजांशी लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाच्या पुतळ्याची तोडफोड, मग जमावबंदी. आबांनी फोन करून सांगितलं, उद्या जायाचं नाही. कॉलेज परत सुरू झालं तेव्हा वर्गात हवा वेगळीच होती, कन्नड पोरं एका बाजूला, आम्ही एका बाजूला, कोणी कोणाला काही बोलत नव्हतं. सर आले आणि त्यांनी काहीच झालं नाही असं दाखवलं नाही. त्यांनी विचारलं, रायण्णाला फाशी कुठं दिली? मी म्हणलं नंदगडला. कधी? 26 जानेवारी 1831. "एनम्मा, तुला कसं माहीत?" मी म्हणलं सर आमच्या शेजारचं गाव आहे, समाधी तिथंच आहे, तिथल्या वडाला बायका पाळणे बांधतात, रायण्णासारखं पोर व्हावं म्हणून, आमच्या गल्लीतल्या पण जातात. समोरच्या बेंचवरची पोरं मागं वळून बघायला लागली. मराठी बायका रायण्णाला नवस बोलतात हे त्यांना माहीत नव्हतं, आणि आमच्यासाठी त्यात सांगण्यासारखं काही होतं असं मला तोवर वाटलंच नव्हतं.

मग सरांनी घरी करायला एक काम दिलं. आपापल्या गावाबद्दल जे ‘सगळ्यांना माहीत आहे’ असं एक वाक्य लिहायचं, आणि त्याच्यापुढं ते आपल्याला कुठनं माहीत झालं ते लिहायचं. बस एवढंच. दुसऱ्या दिवशी वहीत काय काय आलं, आजी सांगते, बसस्टँडवरचा बोर्ड, सिरीयलमध्ये बघितलं, आमदारांच्या भाषणात ऐकलं, व्हॉट्सॲप. अख्ख्या वर्गात एकानंही कागदपत्र, शिलालेख, नाणं असं काही लिहिलं नव्हतं. सर म्हणाले, आजी सांगते हे पण साधन आहे, पण आजी कुठल्या सालची आणि तिला कोणी सांगितलं ते लिहा. माझी तीन वर्षांची डिग्री मला विचाराल तर त्या एका तासात झाली, बाकी सगळं मार्क्ससाठी.

याचा खरा कस लागला तिसऱ्या सेमला, जेव्हा ऐहोळेचा शिलालेख आला. 634 सालचा, रविकीर्तीनं लिहिलेला, दुसऱ्या पुलकेशीची प्रशस्ती. त्यात पुलकेशी नव्व्याण्णव हजार गावांच्या तीन महाराष्ट्रकांचा राजा झाला असं म्हटलंय. हे वाक्य कळल्यावर आमच्या मागच्या बेंचला काय आनंद! कँटीनमध्ये एकानं टेबलावर हात आपटून सांगितलं, बघा, नव्व्याण्णव हजार गावं, आणि आम्ही महाराष्ट्रासाठी मागतोय किती, 865. त्यावर समोरचा हावेरीचा मित्र शांतपणे म्हणाला, कविराजमार्ग वाच, नवव्या शतकातला कन्नड ग्रंथ, कावेरीपासून गोदावरीपर्यंत कन्नड नाडू म्हटलंय, म्हणजे नाशिक पण आमचं. मग कोणीतरी श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराच्या पायाशी मराठीत ‘श्रीचावुंडराजें करवियलें’ कोरलंय ते काढलं. मग देवगिरीच्या यादवांचे कन्नड शिलालेख निघाले. चहा गार झाला, वडापाव संपले, आणि कोणीच जिंकलं नाही, कारण दोन्हीकडं दगड खरेच आहेत. राजाच्या प्रशस्तीत त्याला किती गावं मिळाली हे त्याच्या पदरचा कवी सांगतोय, आणि जवळजवळ चौदाशे वर्षांपूर्वीच्या ‘महाराष्ट्रक’ची हद्द म्हणजे 1956 च्या राज्य पुनर्रचनेची हद्द नव्हे, हे त्या टेबलावरच्या प्रत्येकाला परीक्षेत लिहिता आलं असतं. तोंडानं कबूल करायला मात्र जड जातं, मला पण गेलं. आमच्या घरी एक नोव्हेंबरला, बेळगाव कर्नाटकात गेलं म्हणून, काळा दिवस पाळतात, माझे आजोबा मोर्च्यात लाठ्या खाऊन आलेले. ते मी काही सोडलेलं नाही. फक्त आता त्याच्यासाठी पुलकेशीला साक्षीला बोलवत नाही, 1956 नंतरचे कागदच पुरेसे आहेत त्याला.

मधल्या सेमचं फार लिहीत नाही, दिल्ली सल्तनत, मुघल, मराठे, युरोप, सगळीकडं असतं तसंच. अभ्यासाचं म्हणाल तर आमच्या वेळी शंभरातले 60 लेखी आणि 40 आयए, म्हणजे इंटर्नल, होते. मराठी पोरं आयएकडं दुर्लक्ष करतात, असाइनमेंट शेवटच्या दिवशी गुगलवरनं उतरवतात. तसं करू नका, भाषेमुळं लेखीत जे पाच-सहा मार्क जातात ते इथं भरून निघतात. बेळगावात असाल तर असाइनमेंटसाठी हाताशी किती आहे बघा. किल्ल्यातली कमल बस्ती, 1204 ची, रट्ट राजांच्या काळातली. किल्ला मिलिटरीच्या भागात आहे, आयकार्ड जवळ ठेवा. टिळकवाडीत काँग्रेस विहीर, 1924 च्या अधिवेशनाला पाण्यासाठी खोदलेली, गांधीजी अध्यक्ष असलेलं एकमेव अधिवेशन ते. आम्ही रोज तिच्या बाजूनं जायचो आणि कोणी आत डोकावून बघितलं नव्हतं.

येण्याजाण्याचं. पहिली दोन वर्षं विद्यार्थी पास, सेवा सिंधू या सरकारी पोर्टलवरनं अर्ज करून. 11 जून 2023 पासून शक्ती योजना आली आणि बायकांना सरकारी बस फुकट झाली, तेव्हापासून पासचा खर्च वाचला, पण बसमध्ये पाय ठेवायला जागा राहिली नाही. खानापूर-बेळगाव रस्त्याचं काम, त्यात पाऊस, त्यात आमच्या गावाकडचा ओढा भरला की पलीकडचे पलीकडं. जुलै-ऑगस्टमध्ये परीक्षा आली की आम्ही दोघी-तिघी बेळगावात मावशीकडं नाहीतर कोणाच्या खोलीवर मुक्काम करायचो. पावसाळ्यातल्या पेपरांसाठी बेळगावात एक ओळखीचं घर आधीच बघून ठेवा, हे मी अभ्यासाइतकंच महत्त्वाचं धरते.

स्कॉलरशिपचं जरा सविस्तर सांगते कारण इथं पोरं कंटाळून सोडून देतात. राज्याची स्कॉलरशिप एसएसपी पोर्टलवर, त्याला तो आरडी नंबर, आधी कागदपत्रांचं ई-अटेस्टेशन, आणि बँक खातं आधारशी जोडलेलं पाहिजे. जोडलेलं म्हणजे बँकेत आधारची झेरॉक्स दिली एवढं नाही, पैसे आधारवरनं जमा होण्यासाठीचं मॅपिंग झालंय का ते बँकेत विचारा, ‘एनपीसीआय’ हा शब्द वापरा, लगेच कळतं त्यांना. दुसरी, शेतकऱ्यांच्या मुलांसाठी रयत विद्यानिधी, 2021 लाच सुरू झाली. बी.ए. ला आमच्या वेळी मुलींना वर्षाला 5,500 आणि मुलांना 5,000 मिळायचे. त्यासाठी आई किंवा वडिलांच्या नावानं फ्रूट्स आयडी, म्हणजे शेतकरी म्हणून सरकारी नोंदणीचा नंबर, लागतो, तो रयत संपर्क केंद्रात काढून मिळतो, उतारा आणि आधार घेऊन जायचं. आमचा उतारा अजून आजोबांच्या नावावर, वाटणी झालेली नाही, म्हणजे आबा शेती करतात पण कागदावर शेतकरी नाहीत. ही आमच्या तालुक्यात घरोघरची गोष्ट आहे. वारसा लावून घेण्यात एक अख्खं वर्ष गेलं, आबा आणि काका तलाठ्याकडं एकत्र गेले ते बऱ्याच वर्षांनी. पैसे दुसऱ्या वर्षी आले. ज्या दिवशी मेसेज आला त्या दिवशी आबा म्हणाले, राजांनी पैसे दिले काय गे शेवटी.

चौथ्या सेमला मात्र झोप उडाली. रिझल्ट बघितला तर एका पेपरला माझ्या नावापुढं ॲब्सेंट. पेपर तर मी लिहिलेला, शेवटची पुरवणी पण घेतलेली. कुठं काय राहिलं देव जाणे, पण एका खिडकीवरनं दुसऱ्या खिडकीवर, तिथनं अर्ज लिहून आण, अर्जावर प्रिन्सिपलची सही आण, सहीवर शिक्का आण. दोन महिने पोटात गोळा. सुटका झाली ती हॉल तिकिटामुळं, कारण त्यावर प्रत्येक पेपरला सुपरवायझरची सही असते आणि ते मी जपून ठेवलं होतं. बाहेर आल्यावर पोरं हॉल तिकिटात भेळ खातात! रिझल्ट हातात येईपर्यंत हॉल तिकीट टाकायचं नाही, आणि सही झाली नसेल तर उठायच्या आधी मागून घ्यायची. अर्ज दिला की त्याच्या झेरॉक्सवर पोच घ्यायची, तारखेसकट.

शेवटच्या वर्षी छोटा प्रोजेक्ट होता. बहुतेकांनी हंपी, बदामी घेतलं, नेटवर तयार मिळतं. मी हलशी घेतली, घरापासून जवळ, जाण्यायेण्याचा खर्च नाही हे पहिलं कारण. हलशी म्हणजे जुनी पलाशिका, बनवासीच्या कदंबांची दुसरी राजधानी. तिथं सापडलेल्या ताम्रपटांत मृगेशवर्म्यानं आपल्या वडिलांच्या स्मरणार्थ पलाशिकेत जिनालय बांधल्याचं आहे. हे ताम्रपट फ्लीट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं 1870 च्या दशकात इंडियन अँटिक्वरी नावाच्या मासिकात छापले, आणि 1884 च्या मुंबई इलाख्याच्या बेळगाव गॅझेटियरमध्ये हलशीची माहिती आहे. दोन्हींच्या पीडीएफ फुकट मिळतात, एकही रुपया लागत नाही. गॅझेटियर रात्री मोबाईलवर वाचताना आमच्या आजूबाजूच्या गावांची नावं इंग्रजीत दिसायची आणि मी आईला वाचून दाखवायचे, भात किती, घरं किती, बाजार कुठल्या वारी. आईला त्यात पलाशिकेपेक्षा जास्त रस होता.

हलशीच्या भूवराह नरसिंह देवळात आम्ही लहानपणापासून जातो, समोरासमोर दोन गाभारे, एकात वराह, एकात नरसिंह. शिलालेख पण तिथंच, पण त्याच्याकडं कोणी बघत नाही. लिपी जुनी कन्नड. पहिल्यांदा दुपारी गेले तर काहीच दिसेना, नुसता खडबडीत दगड. मग सरांनी सांगितलं, ऊन तिरपं असताना जा. सकाळी लवकर गेले, उरलेल्या भागाला मैत्रिणीनं मोबाईलची बॅटरी एका बाजूनं, दगडाला अगदी चिकटून धरली, आणि एकदम अक्षरांच्या कडांना सावल्या पडून ओळीच्या ओळी वर आल्या. बॅटरी समोरनं धरली की परत सगळं सपाट. लोक खडू घासतात, पीठ लावतात, पाणी ओततात, असलं काही करू नका, दगड खराब होतो आणि पुरातत्व खात्याच्या जागेत तो गुन्हा पण आहे. फोटो विचारून काढा, पुजारी काका चांगले असतात, कुठल्या घरचं पोर ते सांगितलं की चहा पण देतात.

सगळं वाचता आलं असं मुळीच नाही. सुटी सुटी अक्षरं लागली, बाकी छापील वाचनावरनं ताडून बघितलं. त्यात सालाची एक गंमत आहे. गोव्याचे कदंब, बनवासीच्यांच्या बरेच नंतरचे, बऱ्याचदा शकाऐवजी कलियुगाचं वर्ष देतात, इथं 4270. त्यातनं 3101 वजा केले की 1169 येतं, म्हणजे त्यांचा राजा शिवचित्त पेर्माडीचा काळ. वजाबाकी मी तिथंच पायरीवर बसून वहीत केली आणि उत्तर आलं तेव्हा बाजूला शेळ्या राखणाऱ्या आजीला पण सांगितलं. ती म्हणाली, व्हय, जुनंच हाय ते.

व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरचे परीक्षक होते. त्यांनी प्रोजेक्ट चाळला आणि विचारलं, तुमच्या भागात तर मराठी बोलतात, मग हा लेख कन्नड लिपीत कसा? प्रश्न खोचक होता का सरळ, माहीत नाही, आमच्याकडं असे प्रश्न दोन्ही प्रकारे विचारले जातात. मी म्हणलं, सर, राजानं दान कुठल्या लिपीत कोरून घेतलं ते लेखात दिसतं, गावात घरी काय बोलायचे ते या लेखावरनं सांगता येत नाही, दोन्ही बाजूंनी नाही. ते थोडं थांबले, मग पुढचा प्रश्न ग्रंथसूचीचा विचारला. मार्क चांगले दिले. आणि हो, हे सगळं मी अर्धं कन्नडमध्ये बोलले, भाषा ठेवल्याचा फायदा सांगते म्हणलं होतं ना, तो हा.

मे 2024 मध्ये सरकारनं नवीन धोरण बाजूला ठेवून डिग्री परत तीन वर्षांची केली. आमच्यासारख्या मधल्या बॅचना तीन वर्षांवर बाहेर पडायचं की चौथं ऑनर्सचं वर्ष करायचं हे आपण ठरवायचं होतं. मी तीनवर थांबले. एम.ए. करायचंच होतं, आणि घरी अजून एक वर्ष काय म्हणून हे समजावणं कठीण. आता 2024 नंतर ॲडमिशन घेणाऱ्यांना विषयांची रचना वेगळी आहे, तीन मेजर आहेत, तेव्हा माझ्या वेळचे पेपर शोधत बसू नका, आपल्या वर्षाचा सिलॅबस युनिव्हर्सिटीच्या साईटवरनं काढून घ्या. आमची राणी चन्नम्मा युनिव्हर्सिटी 2010 ची आहे, त्याआधीचे सगळे कर्नाटक युनिव्हर्सिटी धारवाडचे, त्यामुळं ताई-दादांच्या जुन्या नोट्स मिळाल्या तर धडे तपासूनच वापरा.

सहाव्या सेमचे पेपर भर पावसात झाले, रिझल्ट लागला, डिस्टिंक्शन नाही पण फर्स्ट क्लास. एम.ए. साठी कोल्हापूर बघितलं, शिवाजी विद्यापीठ. मराठीतनं लिहायला मिळेल हा मोह होताच, पण कोल्हापुरात पुराभिलेखागार आहे आणि मोडी शिकायचीय हे खरं कारण. राज्य बदललं की युनिव्हर्सिटी बदलते, त्यामुळं मायग्रेशन सर्टिफिकेट लागतं, आणि ते मागितल्याशिवाय कोणी देत नाही. सहाव्या सेमचा रिझल्ट लागला की त्याच आठवड्यात अर्ज टाका, कारण तिकडच्या तारखा इकडच्या रिझल्टची वाट बघत नाहीत. सोबत प्रोव्हिजनल सर्टिफिकेट पण मागून घ्या. पोरींनो, शक्तीचं फुकट तिकीट आंतरराज्य बसला चालत नाही, तेव्हा बेळगावहून निपाणीपर्यंत आपल्या साध्या बसनं जायचं आणि तिथनं पुढं तिकीट काढायचं, वेळ लागतो पण पैसे वाचतात.

आणि कुठल्याही काउंटरवर ओरिजिनल मार्क्स कार्डं मागितली तर दाखवायची, त्यांनी ताडून बघितली की परत पिशवीत. ठेवूनच घेणार म्हणाले तर सही-शिक्क्याची पोच हातात पडल्याशिवाय खिडकी सोडायची नाही.